बाहेरून भिंत ठणठणीत, आतून ओल: थर्माकोल लावलेल्या भिंतीत पाणी कुठे मुरतं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. बेळगावला खानापूर रस्त्याला दुमजली घर, बांधून पाच वर्षं झाली. नऊ इंची विटेची भिंत, पश्चिम आणि दक्षिण बाजूला बाहेरून 50 मिमी थर्माकोल, त्यावर जाळी, पातळ सिमेंटी थर (बेसकोट) आणि वर टेक्स्चरचा खरबरीत रंग. गेले दोन पावसाळे पश्चिमेच्या बेडरूममध्ये कुबट वास येतो. खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पुट्टीचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा दिसतो, आणि कपाट हलवलं तर मागे काळी बुरशी. बाहेरून मात्र भिंतीला एक तडा नाही. पेंटर म्हणतो, खरवडून डॅम्पप्रूफ मारू. दुसरा ठेकेदार म्हणतो, बाहेरून इलॅस्टोमेरिक कोट, म्हणजे रबरासारखा ताणणारा रंग मारा, दहा वर्षांची गॅरंटी देतो. यातलं कुणाचं ऐकायचं?

या वर्षी दोघांचंही नको. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असा तो प्रकार होईल. पेंटर आतला थर बंद करणार, ठेकेदार बाहेरचा, आणि मधल्या विटेत शिरलेलं पाणी तिथेच कोंडलं जाणार. या प्रकारच्या भिंतीत पाणी भिंतीच्या अंगातून येत नाही, जोडांतून येतं. आणि ते आत येतं यापेक्षा त्याला बाहेर पडायला वाट नसते, हे दुखणं मोठं. आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधायचं, मग त्याला वाट करून द्यायची, भिंत वाळू द्यायची, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आता सविस्तर.

आपल्या जुन्या भिंतीला पाणी लागत नव्हतं असं नाही. साधा गिलावा केलेली विटेची भिंत पावसात भिजते आणि गणपतीनंतर उन्हं पडायला लागली की वाळते. ती दोन्ही बाजूंनी श्वास घेते, म्हणून तिचं निभावतं. तिच्यावर थर्माकोल चिकटवला की हे गणित बदलतं. थर्माकोलमधून वाफ जाते, पण फार हळू. 50 मिमीचा थर वाफेला जो अडथळा करतो तो साधारण दीड ते साडेतीन मीटर जाडीच्या स्थिर हवेएवढा असतो. म्हणजे बाहेरच्या बाजूने वाळणं जवळपास थांबतं. राहिली आतली बाजू. तिथे आपण दोन हात पुट्टी, त्यावर प्लास्टिक इमल्शन, काही ठिकाणी व्हिनाइलचा वॉलपेपर, बाथरूमच्या बाजूला टाइल. मग विटेत गेलेला लिटरभर पाऊस जाणार कुठे?

बाहेरून थर्माकोल लावायची ही पद्धत जर्मनीत 1950 च्या दशकात रुळली आणि 1969 मध्ये अमेरिकेत गेली. तिथे ती लाकडी सांगाड्याच्या घरांवर लागायला लागली. 1990 च्या दशकाच्या मध्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन गावात पाच-सात वर्षांची चांगली देखणी घरं तपासली, तर टेक्स्चरच्या मागे लाकडी फळ्या कुजून हाताने चुरडत होत्या. कॅनडात व्हँकुव्हरला त्याच सुमारास अपार्टमेंटच्या अपार्टमेंट गळायला लागल्या, 1998 मध्ये त्यावर सरकारी आयोग बसला. न्यूझीलंडने 2002 मध्ये अशा गळक्या घरांच्या तक्रारी मिटवायला वेगळा कायदाच केला. प्रत्येक ठिकाणी बांधकामाचा प्रकार थोडा निराळा, पण गोष्ट एकच: पातळ गिलाव्याचं बाहेरचं कातडं अभंग होतं, पाणी खिडक्यांच्या आणि छपराच्या जोडांतून मागे गेलं आणि तिथेच बसलं.

इथले इंजिनियर यावर म्हणतात, "त्यांची घरं लाकडाची, आपली विटेची. आपलं काय कुजणार?" हे अर्धं खरं आहे. वीट कुजत नाही. पण थर्माकोल ज्या सिमेंटी चिकटवणीवर धरलेला असतो ती सतत ओली राहिली की तिची पकड सुटते. आतला गिलावा लोण्याने भुसभुशीत होतो. लिंटेल आणि बीममधल्या सळ्या हळूहळू गंजतात. लाकडी चौकटीला ओलीमागोमाग वाळवी लागते. भिंत जिप्समच्या गिलाव्याची असेल तर तो फुगून खालीच येतो. आणि जांबोटी-चोर्ला रस्त्याला हल्ली पत्र्याच्या हलक्या सांगाड्यावर सिमेंट बोर्ड ठोकून, त्यावर थर्माकोल लावून जी होमस्टे उभी राहतायत, त्यांना तर विल्मिंग्टनची गोष्ट जवळपास जशीच्या तशी लागू आहे. फक्त लाकडाच्या जागी स्क्रू आणि पत्रा धरा. तुमचं घर विटेचं आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. त्यांच्याकडे तो नाही.

पाण्याचा हिशेबही एकदा करून बघा. अमेरिकेतल्या एका प्रमाणपद्धतीत, भिंतीवर आपटणाऱ्या पावसापैकी 1 टक्का पाणी बाहेरचं आवरण ओलांडून आत जातंच असं धरून भिंतीचा विचार करायला सांगितलं आहे. समजा तुमच्या पश्चिमेच्या भिंतीचं क्षेत्रफळ 30 चौरस मीटर आहे आणि एका मोसमात चौरस मीटरला 200 लिटर झड बसली. झाले 6,000 लिटर. त्याचा 1 टक्का म्हणजे 60 लिटर. हे पाणी भिंतभर सारखं पसरलं तर चिंता नाही. पण ते शिरतं दोन-तीन ठिकाणीच, आणि तिथेच साठतं. म्हणून डाग एका कोपऱ्यात दिसतो आणि बाकी भिंत ठणठणीत असते.

बेळगाव भागाचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात घ्यायला हवं. आपला जिल्हा पूर्व-पश्चिम एकसारखा नाही. अथणी-रायबागकडे पाऊस जेमतेम, आणि कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही. खानापूर, जांबोटी, हिंडलगा या पट्ट्यात पश्चिम-नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो. म्हणून तर आपल्याकडे जुन्या घरांना तीन-तीन फूट वळचण असे, आणि अजूनही लोक मृगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीवर पत्रे मारतात. ते दिसायला कसेही दिसोत, त्या माणसांना झड म्हणजे काय ते माहीत होतं. व्हँकुव्हरच्या पडझडीनंतर जी पाहणी झाली तिच्यातही हेच निघालं: छत भिंतीच्या जितकं कमी पुढे, तितकी भिंत जास्त बिघडलेली. आता मात्र एलिव्हेशनच्या नावाखाली डबा घर बांधायचं, छज्जा काढून टाकायचा, आणि मग पाणी आलं की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं. (बेळगाव शहरात भिंतीला थर्माकोल लावायची गरज आहे का, हाही प्रश्नच आहे. इथल्या हवेत गच्चीवर इन्सुलेशन केलं आणि पश्चिमेच्या खिडक्यांना सावली दिली की बहुतेक काम होतं. गोकाक-अथणीची गोष्ट निराळी. पण लावलंय ते लावलंय.)

आता पाणी शिरतं कुठून. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय खिडकीवर आहे आणि दुसरा पोर्चच्या कौलारू छपरावर, कारण फोटोत ते छप्पर त्याच खिडकीच्या वरच्या अंगाला भिंतीला टेकलेलं दिसतं.

खिडकी आधी. यूपीव्हीसी असो की ॲल्युमिनियम, फ्रेमचे खालचे दोन कोपरे हे तिचे सगळ्यात कमकुवत भाग. चौकट दोन तुकड्यांच्या जोडावर बसते आणि तो जोड काही वर्षांनी थोडा उघडू शकतो. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं टेक्स्चरने किंवा धुळीने बुजलेली असतात. मग ट्रॅक भरतो, पाणी कोपऱ्यातून खाली उतरतं आणि थेट थर्माकोलच्या मागे जातं. फ्रेम आणि गिलावा यांच्यामध्ये सिलिकॉनची रेघ आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. पण ती रेघ टेक्स्चरच्या खरबरीत पृष्ठभागावर ओढलेली असेल तर ती भिंतीला धरत नाही, टेक्स्चरच्या दाण्यांना धरते. बोटाच्या नखाने ओढून बघा, दाण्यांसकट निघून येईल. नीट केलेल्या कामात फ्रेमभोवती 10 ते 12 मिमीची फट मुद्दाम ठेवतात, तिच्यात फोमची गोल दोरी बसवतात, आणि तिच्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट असा भरतात की तो फक्त दोन बाजूंना चिकटेल, मागे नाही. तेव्हा तो ताणला तरी फाटत नाही. आणि सीलंटखाली गुळगुळीत बेसकोट हवा, टेक्स्चर नको.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खिडकीखाली तसराळं असायला हवं. फ्रेमच्या खाली, विटेवर, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला आणि दोन्ही टोकांना व मागे वर वळवलेला पत्र्याचा किंवा मेम्ब्रेनचा थर. फ्रेम गळणारच असं धरून तो थर बसवायचा. आपल्याकडे हे कुणीच करत नाही. ग्रॅनाइटची पाटी बसवतात, तिला बाहेर उतार असतोच असं नाही, आणि तिच्या खाली पाणी तोडणारी खाच तर क्वचितच. खाच नसली की पाणी पाटीच्या पोटाला धरून उलटं भिंतीकडे येतं.

दुसरी जागा, पोर्चचं छप्पर. हे जरा थांबून समजून घ्या, कारण या जोडाकडे अनुभवी गवंडीसुद्धा लक्ष देत नाहीत. उतरतं छप्पर भिंतीला बाजूने टेकतं तिथे कौलांवरचं पाणी भिंतीच्या कडेने खाली वाहत येतं. छप्पर जिथे संपतं त्या खालच्या टोकाला हा सगळा ओघ एका वीतभर जागेत येतो आणि पन्हळीत पडायच्या ऐवजी भिंतीला चाटून खाली जातो. तिथे गिलावा आणि पत्रा यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तरी पुरते. यावरचा उपाय म्हणजे त्या टोकाला एक वळवलेला पत्र्याचा तुकडा, 100 ते 150 मिमी उंच, पाण्याला भिंतीपासून बाहेर ढकलणारा. त्याची वरची कड बेसकोटच्या आत, मागच्या ओल-रोधक थराखाली गेलेली हवी, वरून सिलिकॉनने चिकटवलेली नव्हे. उद्यमबागेत शीट बेंडिंगवाल्याकडे 0.8 मिमीच्या ॲल्युमिनियमचा असा तुकडा तासाभरात वाकवून मिळतो. एवढ्याशा पत्र्यावाचून पश्चिमेची अख्खी भिंत उघडावी लागते.

बाकीच्या जागा पटकन सांगतो: एसीच्या पाइपचं भोक, गॅलरीच्या रेलिंगचे बोल्ट, बाहेरचे दिवे, पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा माथा जर वर थर्माकोलवर नुसता टेक्स्चर असेल तर, आणि गच्चीची गोलाई. खिडकीच्या कोपऱ्यातून 45 अंशांत निघणारे बारीक तडे असतील तर तिथे बेसकोटमध्ये तिरपा जाळीचा तुकडा घातलेला नाही असं समजा.

शिवाय खालची कड. प्लिंथजवळ, म्हणजे जोत्यापाशी थर्माकोल जमिनीपासून किमान 200 मिमी वर थांबायला हवा, खानापूर भागात मी तर 300 धरतो, कारण अंगणातलं पाणी तेवढं उडतं. आणि खालून तो मोकळा किंवा भोकांच्या पट्टीने बंद केलेला हवा. आपल्याकडे फिनिशिंगच्या नावाखाली ती कड सिमेंटने लिंपून टाकतात, अंगणातली फरशी तिला भिडवतात. म्हणजे वरून आलेलं पाणी खाली अडवायची पक्की सोय झाली, आणि वाळवीला जमिनीतून थेट वर चढायचा रस्ताही.

जांबोटीकडच्या एका घराची अशी भिंत उघडली तेव्हा आत काय दिसलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. बाहेरून फिकट पिवळं टेक्स्चर, नवं कोरं. सोबतचा गवंडी म्हणाला, "साहेब, बाहेरून तर काय बी दिसत नाही की ओ." खिडकीखाली साधारण फूटभर चौकोन कटरने कापला. बेसकोट जेमतेम 2 मिमी, आणि जाळी त्याच्या आत नव्हती, थर्माकोलवर कोरडी अंथरून वरून लिंपलेली. चौकोनाच्या कडेत पट्टी घातली तर थर्माकोलचा तुकडा हाताशी आला. मागे चिकटवणीच्या टिकल्या होत्या, तळहाताएवढ्या, दूर दूर. त्या सगळ्या थर्माकोलला चिकटलेल्या आणि जांभ्याच्या भिंतीपासून सुटलेल्या. टिकल्यांच्या मधला जांभा काळपट, हाताला गार आणि ओला. थर्माकोलच्या मागच्या अंगात लाल मुंग्यांनी बोगदे पाडून भुसा खाली टाकलेला. मग प्लिंथजवळ लिंपलेली कड छिन्नीने फोडली तर तांबूस पाणी वाहून अंगणात आलं. त्याआधी आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता.

त्या टिकल्यांकडे लक्ष द्या. थर्माकोलच्या पाटीला सगळ्या कडेने चिकटवणीचा सलग बांध आणि मध्ये ठिपके, असं करून निदान 40 टक्के पाठ भिंतीला धरलेली हवी, हा युरोपातला साधा नियम. नुसत्या टिकल्यांवर लावलं की पाटीच्या मागे भिंतभर पोकळी तयार होते. पाणी पोर्चच्या कोपऱ्यात शिरतं, पोकळीतून तिरकं वाहतं आणि चार-पाच फुटांवर दुसऱ्याच खिडकीखाली आत उगवतं. म्हणून डाग दिसतो तिथेच गळती आहे असं कधी धरू नका.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा, आणि पहिल्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत.

सुरुवातीला ओल पावसाचीच आहे ना, हे ठरवा. आषाढ-श्रावणात वाढते, दसरा-दिवाळीनंतर कमी होते आणि मार्चमध्ये जवळपास नाहीशी होते, तर ती पावसाची. चैत्रातही तशीच असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन, वरच्या मजल्यावरची बाथरूम, नाहीतर ड्रेनेज. कपाटामागची बुरशी एकटी काहीच सिद्ध करत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे कुणाच्याही घरी बुरशी येते. कोपऱ्यात सुटलेले पोपडे आणि लोणा मात्र सांगतात की पाणी भिंतीतून येऊन आतल्या बाजूला सुकतंय.

मग ठोकून बघा. बाहेरून हाताच्या गाठींनी भिंतभर ठोकत जा. जिथे थर्माकोल सुटलाय तिथे आवाज बदलतो आणि दाबलं तर भिंत किंचित आत जाते. खडूने खूण करत चला. खुणा जोडल्या की बहुतेक वेळा वरून खाली निमुळता किंवा पसरत गेलेला पट्टा दिसतो, आणि त्याच्या वरच्या टोकाला चोर सापडतो.

यानंतर ओल मोजायचा मीटर. बाजारात हजार-दोन हजारांत मिळणारे दोन टोचण्यांचे मीटर लाकडासाठी असतात. विटेवर ते जो आकडा दाखवतात तो टक्का नव्हे, फक्त तुलना. शिवाय लोणा असेल तर क्षारांमुळे आकडा खोटा वर जातो. म्हणून आधी घरातल्या आतल्या, नक्की कोरड्या भिंतीवर मीटर लावून आकडा लिहून ठेवा, आणि संशयित जागा त्याच्याशी ताडून बघा. बाहेरून तपासायचं तर थर्माकोलमधून पार विटेपर्यंत पोचणाऱ्या लांब, टोक सोडून बाकी इन्सुलेट केलेल्या सळया लागतात. दोन बारीक भोकं पाडायची, सळया घालायच्या, आकडा घ्यायचा आणि भोकं त्याच दिवशी पीयू सीलंटने बंद करायची. खिडक्यांचे खालचे कोपरे, पोर्चच्या छपराचं खालचं टोक, प्लिंथच्या वरचा पट्टा, एवढ्या जागा पुरतात.

खरा टक्का हवा असेल तर कार्बाइडची बाटली. आपल्याकडे मातीच्या प्रयोगशाळांत ती असते, अभियांत्रिकी कॉलेजात विचारा. भिंतीतला मसाला काढून तोलायचा, कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत हलवायचा, ओलाव्यामुळे ॲसिटिलीन वायू होतो आणि त्याच्या दाबावरून टक्का कळतो. नमुना ड्रिलने काढू नका, ड्रिलच्या उष्णतेने तो वाटेतच सुकतो, छिन्नी-हातोड्याने काढा. कोरड्या भिंतीचा मसाला 1-2 टक्क्यांच्या आसपास असतो. 5 च्या वर गेला की भिंतीला कुठून तरी पाणी मिळतंय असं मी धरतो.

थर्मल कॅमेऱ्यावर फार भरवसा ठेवू नका. हल्ली पुण्याहून कॅमेरा घेऊन येणारे लोक रंगीत चित्रं दाखवून मोठी बिलं करतात. कॅमेरा ओल बघत नाही, तापमानातला फरक बघतो. भर पावसाळ्यात भिंत, हवा, सगळंच एका तापमानाला असतं, मग चित्रात काय दिसणार? त्यातून बाहेरून बघितलं तर दिसतं ते थर्माकोलवरचं पातळ कातडं, मागची वीट नव्हे. कॅमेरा लावायचाच तर ऑक्टोबरात, दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीवर, संध्याकाळी, आणि घराच्या आतून. मग जी गार जागा दिसेल तिथे मीटर टोचून खात्री करायची.

शेवटी पाणी मारून बघणं. हे कोरड्या दिवसांत करा. साधा बागेचा पाइप, पुढे हलका फवारा, जोराची धार नको. तळापासून सुरुवात करा. आधी खिडकीखालची भिंत, पंधरा-वीस मिनिटं. आत काही दिसलं नाही तर खिडकीची पाटी, मग खालचे कोपरे, मग बाजू, मग वरची कड, मग पोर्चचं छप्पर. खालून वर का? कारण वरून सुरू केलं की पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, आणि खिडकीखालचा थोडा गिलावा आधीच खरवडून वीट उघडी ठेवा, नाहीतर पुट्टीतून डाग उमटेपर्यंत रात्र होईल.

एवढं झाल्यावर दोन-तीन ठिकाणी चौकोन कापून आत बघा. लोक इथे कचरतात, चांगली भिंत का फोडायची म्हणून. पण त्या चौकोनाची दुरुस्ती सोपी आहे: त्याच जाडीचा थर्माकोल, आणि भोवतालचं टेक्स्चर घासून जुन्या जाळीवर नवी जाळी 75 मिमी चढवून बेसकोट. न उघडता दुरुस्तीचा ठेका देणं हे यापेक्षा फार महाग पडतं.

उघडल्यावर दोन शक्यता. ओल खिडकीखाली वीतभर पट्ट्यात असेल आणि बाकी थर्माकोल घट्ट धरून असेल, तर तेवढाच भाग काढा, विटेला हवा लागू द्या, खिडकी बाहेर काढून खाली तसराळं बसवा, पोर्चच्या टोकाला पत्रा लावा, प्लिंथची कड मोकळी करा. खिडकी न काढता बाहेरून सिलिकॉन भरून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा. भिंतभर टिकल्या सुटलेल्या असतील तर मात्र डागडुजी नको. पश्चिमेची अख्खी बाजू सोलून काढावी आणि पुन्हा करताना निचऱ्याची पद्धत करावी: आधी विटेवर समपातळीचा गिलावा, त्यावर ब्रशने लावायचा ओल-रोधक थर, मग थर्माकोल, पण चिकटवणी उभ्या पट्ट्यांत, म्हणजे मागे उभ्या नाळी राहतात आणि शिरलेलं पाणी खाली उतरून भोकांच्या पट्टीतून बाहेर पडतं. जाळी 145 ते 160 ग्रॅम प्रति चौरस मीटरची, सिमेंटच्या अल्कलीला टिकणारी, बेसकोटच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात बुडालेली. ग्रिलचं वेल्डिंग असेल तर थर्माकोल लावायच्या आधी उरकून घ्या. ठिणगी पडली तर तो पेटतो. आणि पुन्हा खर्च करतोच आहोत तर त्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा काढा, निदान पत्र्याचा. आर्किटेक्ट नाराज होईल. होऊ द्या.

विटेत मुरलेलं पाणी दोन दिवसांत जात नाही. भिजलेली नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात, आणि हेअर ड्रायर, हॅलोजन लावून फक्त वरचा थर सुकतो. आपल्याकडे यासाठी हवामान सोयीचं आहे. दसऱ्यानंतर भिंत उघडा, दिवाळी ते होळी कोरड्या वाऱ्यात तशीच राहू द्या, आतलीही पुट्टी खरवडून ठेवा आणि खिडक्या उघड्या. होळीच्या सुमाराला पुन्हा मीटर लावा. आकडा कोरड्या भिंतीच्या जवळ आला की मगच थर्माकोल. मार्चअखेर काम सुरू झालं तर वळवाच्या आधी उरकतं. वळवाचा पाऊस अर्धवट कामावर पडला तर सगळं मुसळ केरात, तेव्हा एप्रिलच्या मध्यानंतर नवी बाजू उघडायला घेऊ नका. आत नंतर चुन्याचा किंवा वाफ जाऊ देणारा रंग द्या, त्या भिंतीला वॉलपेपर नको.

गॅरंटीबद्दल. ठेकेदार जी दहा वर्षं म्हणतो ती त्या कोटची असते, ओलीची नाही. कागदावर बारीक अक्षरात "जोड, खिडक्या व इतर ठिकाणांहून येणारी गळती वगळून" असं असतं, आणि गळती येते ती नेमकी तिथूनच. करार करताना तीन गोष्टी लेखी घ्या: खिडकीखालच्या थराचा आणि पोर्चच्या पत्र्याचा फोटो, तो झाकण्याआधी काढलेला, बेसकोट झाल्यावर टेक्स्चरच्या आधी पाणी मारून केलेली चाचणी, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पैशांचा शेवटचा हप्ता. तिसरी अट मान्य करणारा ठेकेदार सापडला तर त्याच्याशी भावावरून घासाघीस करू नका.

सध्या पाऊस चालू आहे तोवर एवढंच करा: ट्रॅकमधली भोकं तारेने साफ करा, प्लिंथजवळची लिंपलेली कड दोन-तीन ठिकाणी फोडून ठेवा, पश्चिमेच्या त्या खिडकीवर आजोबांच्या काळासारखा एक पत्रा टांगा. आणि पोर्चच्या छपराच्या खालच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो व गच्चीच्या पॅरापेटच्या माथ्याचा एक फोटो पाठवा. पॅरापेटवर काय आहे ते तुमच्या पहिल्या फोटोंत दिसत नाही, आणि त्यावरून एक चौकोन वर कापायचा की नाही ते ठरेल.